ओटा कुणाच्या मापाचा?

ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडला की वाळवा तालुक्यात पैशाच्या वाटा ठरलेल्या असतात. सोसायटीचं कर्ज, खताच्या दुकानाची उधारी, पोरांच्या फिया, आणि त्यातूनही काही उरलं तर घर. या ‘घर’ नावाच्या खात्यात अलीकडे स्वयंपाकघराने पुढचा नंबर लावला आहे. पूर्वी पैसा आला की आधी दारात ट्रॅक्टर यायचा, मग स्लॅब पडायचा, मग दर्शनी भिंतीला टाइल्स लागायच्या. मागची अंधारी खोली मात्र आजेसासूच्या काळात होती तशीच राहायची. आता इस्लामपुरात कडप्प्याचे जुने ओटे फुटतात, त्या जागी काळा ग्रॅनाइट येतो, खाली स्टीलच्या ट्रॉल्या बसतात, वर चकचकीत कपाटं लागतात. पोराचं लग्न ठरलं की हे काम हमखास निघतं. व्याही-विहिणीला घर दाखवायचं असतं ना!

याला कुणी थाट म्हणून नाक मुरडेल. मी मुरडणार नाही. ज्या खोलीत घरातल्या बाईचा निम्मा दिवस जातो, तिथे उजेड यावा, वारा यावा, हाताशी चार फळ्या असाव्यात यासाठी होणारा खर्च हा घरातला सगळ्यात शहाणा खर्च. आपल्याकडे तो फार उशिरा सुरू झाला, एवढंच. धुराचंच बघा. वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल, १९५० च्या दशकात हैदराबादच्या एस. पी. राजूंनी बिनधुराच्या स्वयंपाकघरासाठी केलेली खटपट, पुढे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या सुधारित चुली. धूर घराबाहेर काढायची विद्या आपल्याकडे कधीचीच होती. तरी गरिबाघरी गॅस पोचवायची उज्ज्वला योजना यायला १ मे २०१६ उजाडावा लागला. दरम्यान दोन-तीन पिढ्यांच्या बायका फुंकणी फुंकत, डोळे पुसत राहिल्या. घराचा पैसा ज्याच्या हातात होता तो धुरात बसत नव्हता, यापलीकडे या उशिराला मोठं कारण शोधायची गरज नाही.

तेव्हा खर्च जरूर करा. फक्त तो ठरतो कसा, ते एकदा बघा.

मिस्त्री टेप घेऊन येतो. त्याच्याशी बोलायला घरातले दोन कर्ते पुरुष असतात, शिवाय मोबाइलवर पुण्या-मुंबईच्या किचनचे फोटो दाखवणारा एखादा भाचा. ग्रॅनाइट काळा की हिरवा, टाइल्स कसल्या, चिमणी लावायची का, यावर अर्धा तास जातो. ज्या बाईच्या नावानं हे सगळं चाललेलं असतं ती त्याच खोलीत पाठमोरी उभी राहून या मंडळींचा चहा करत असते. मिस्त्री भिंत मोजतो, खिडकी मोजतो, फ्रिजची जागा मोजतो. “वहिनी, जरा सरळ उभ्या राहा, तुमचं कोपर कुठंवर येतंय बघू,” असं तिला कुणी म्हणत नाही.

आणि सगळी गोम त्या कोपरातच आहे. उभं राहून काम करायचं तर ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, हा साधा हिशेब. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. तिचं कोपर जमिनीपासून सदतीस-अडतीस इंचांवर येतं. म्हणजे भाजी चिरायला तिला बत्तीस-तेहतीस इंचांचा ओटा हवा. तयार मॉड्युलर किचन बहुधा चौतीस-छत्तीस इंचांच्या हिशेबानं येतं, कारण ते माप मुळात परदेशातल्या उंच बांध्याच्या माणसांचं. त्यावर चार-पाच इंचांची शेगडी, शेगडीवर पातेलं. आमटीला उकळी आली का हे बघायला बाई टाचा उचलते आणि फोडणी देताना तिचे खांदे कानाला लागतात. हे रोज दोन वेळा, वर्षानुवर्षं. मग मान धरते, मनगट दुखतं, आणि घरातले म्हणतात, “आता तर सगळं हातात दिलंय, तरी हिचं दुखणं काय सरत नाही.”

हे झालं आमटी-भाजीचं. आपल्या भागात रोजची शाळूची भाकरी असते आणि तिचं शास्त्र वेगळं आहे. पीठ मळताना तळहाताच्या मुळानं रेटा द्यावा लागतो, अंगाचा भार परातीत उतरावा लागतो. जमिनीवर बसून काठवटीत हे आपोआप व्हायचं. छत्तीस इंचांच्या ओट्यावर तो भार उतरतच नाही. सगळा जोर मनगटातून आणि मानेतून काढावा लागतो. म्हणून लाखांचं किचन केलेल्या घराच्या मागच्या अंगाला गेलात तर पत्र्याच्या शेडमध्ये एक चूल पेटलेली सापडते. ‘चुलीवरच्या भाकरीची चवच न्यारी’ असं घरातले पुरुष कौतुकानं सांगतात. चवीचं खरं असेलही. पण सासूबाईंना पुढच्या नव्या ओट्यावर भाकरी थापताच येत नाही हे त्या शेडचं दुसरं कारण, आणि ते त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही. धूर घराबाहेर काढायला केलेल्या खर्चानं बाईच धुरासकट घराबाहेर गेली, असा हा उफराटा हिशेब.

उपाय काही मोठा नाही. ओट्याचा दोन-अडीच फुटांचा एक तुकडा चार-पाच इंच खाली घ्यायचा. तिथे मळणं, थापणं, वाटण. शेगडीचा भागही तसाच थोडा खाली. सासू बुटकी आणि सून उंच असेल तर ओट्याला दोन उंच्या द्यायच्या. कडप्पा कापायच्या आधी सांगितलं तर यात फारसा जादा खर्च नाही. नंतर सांगितलं तर मात्र सगळं फोडायचं. मिस्त्री कुरकुरेल, “लेवल तुटतीय, दिसाय बरं दिसत न्हाई.” त्याला विचारा, याच घरात शेगडी आग्नेयेला यावी म्हणून तूच परवा पक्की भिंत पाडलीस ना? तेव्हा लेवल आठवली नाही. वास्तूच्या माणसाला दक्षिणा देऊन दिशा विचारतात, त्याच्या शब्दावर खिडकी बुजवतात, मोरी हलवतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषासाठी भिंत पडते आणि डोळ्यांदेखत वाकडी होत चाललेली पाठ वाचवायला ओटा चार इंच खाली येत नाही. पूर्वेकडे तोंड करून रांधलं तर घरात बरकत येते म्हणतात. येत असेल, पण रांधणाऱ्या बाईच्या खांद्याला त्यानं काही आराम पडत नाही.

आता साठवणीकडे येऊ. ट्रॉली विकणारा सगळ्यात जास्त बोलतो ते याच विषयावर. शहरातलं मॉड्युलर किचन आठवड्याच्या किराण्यावर बेतलेलं असतं. आपली रीत वर्षाच्या बेगमीची. शाळू आणि गव्हाची कोठी, शिराळ्याकडचा तांदूळ, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याची डाळ, उन्हाळ्यात कांडून आणलेली वर्षाची चटणी, सांडगे, कुरडया, शेवया, लोणच्याच्या बरण्या. आणि खास आपल्या तालुक्याचं प्रकरण म्हणजे सभासदाची साखर. कारखान्याचा शेअर असला की सवलतीच्या दरातली साखर घरी येते आणि ती किलोनं येत नाही, पोत्यानं येते. घरात राजारामबापूचाही शेअर आणि कृष्णेचाही असला तर बघायलाच नको. पन्नास किलोचं पोतं कुठल्या ट्रॉलीत बसतं? ते जातं पलंगाखाली, नाहीतर सोप्यात दाराआड. म्हणजे लाखो रुपये ओतून साठवणीची सोय केली आणि या घराची खरी साठवण तिच्याबाहेरच राहिली. ट्रॉलीत काय आहे? कपबशांच्या ट्रॉलीत पाहुण्यांच्या कपबशा, ताटांच्या ट्रॉलीत वर्षाकाठी दोनदा निघणारी ताटं.

साठवणीचं शहाणपण या मुलखाला कुणी शिकवायची गरज नव्हती. सांगलीशेजारच्या हरिपुरात हळद ठेवायला जमिनीत पेवं खणत. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची, आणि सांगलीच्या हळदीच्या बाजारामागे या पेवांचं बळ होतं. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्यातली बरीच निकामी झाली. घरातही बळद होतं, कणगी होती, भिंतीतलं फडताळ होतं, उतरंड होती, मांजरापासून दूध वाचवणारं शिंकाळं होतं. त्या मांडणीत एक हिशेब होता: जड ते जमिनीलगत, रोजचं हाताशी, वर्षाचं आतल्या अंधाऱ्या कोरड्या खोलीत. नव्या किचनमध्ये हा हिशेब उलटा झाला. जड वस्तू चढल्या माळ्यावर. पुरणाचं पातेलं, मोठा कुकर, पितळी घंगाळ, डझनावारी ताटं सगळी सात फुटांवर. पाच फुटी बाईचा हात नीट पोचतो तो सहा फुटांपर्यंत. पुढे स्टूल. स्टुलावर उभं राहून डोक्यावरून दहा किलोचं पातेलं उतरवायचं काम दिवाळीच्या आधी घराघरांत चालतं आणि मग हाडांच्या दवाखान्यातही गर्दी होते.

त्या माळ्यावर असतं तरी काय, हे एकदा सगळं खाली काढून बघावं. निम्मी भांडी आहेराची निघतील. कुणाकुणाच्या लग्नात मिळालेली, काठावर नाव घातलेली, एकदाही चुलीवर न चढलेली. रुखवतातले तांबे-पितळ, आत्याबाईंनी दिलेला घडा, मामाकडचं पिंप. ही भांडी शिजवायला नसतात, पुढच्या कुणाच्या लग्नात द्यायलाही नसतात, कारण नाव घातलेलं. ती नुसती असतात. आणि त्यांना राहायला जागा हवी म्हणून आपण माळा वाढवतो, मग माळ्याला दारं लावतो, मग दारांना लॅमिनेट. याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारानं १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव गांधी विवाह लावले. थोडक्या खर्चात, देणं-घेणं नाही, मानपान नाही. ज्यांच्या आजोबांची लग्नं तशी लागली त्यांची घरं आज आहेराच्या भांड्यांखाली वाकलीत. साठवणीची जागा वाढवायच्या आधी साठवलेलं कमी करायला कारागीर लागत नाही. जुनी पितळ मोडीत घालावी, स्टील वसतिगृहाला द्यावं, आणि पुढच्या लग्नपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ एवढी ओळ छापून ती मनापासून पाळावी. माळ्याचा अर्धा खर्च तिथेच वाचेल.

पण मला यापेक्षा मोठी तक्रार मांडायची आहे, आणि ती एका प्रश्नाबद्दल आहे. “आगं, चहापत्ती कुठाय?” हा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी नसतो. ऊसतोडीच्या टोळीला उचल किती दिली आणि किती फिटली हे त्याला तोंडपाठ असतं. कुठल्या सर्वे नंबरातला ऊस कधी लागण झाला, तोड कधी येणार, कारखान्याच्या गट ऑफिसात कुणाला भेटायचं, सगळं ठाऊक. तीस वर्षं ज्या घरात राहतो त्या घरातला चहापत्तीचा डबा मात्र त्याला सापडत नाही. याकडे आपण कौतुकानं पाहतो, ‘त्यांना स्वयंपाकघरातलं काही कळत नाही’ म्हणून हसतो. मला यात भोळेपणा दिसत नाही. ज्याला डबा सापडत नाही त्याला चहा करावा लागत नाही, एवढा सरळ फायदा त्यात आहे.

आणि घराची मांडणी या सोयीला पुरेपूर साथ देते. एका मापाचे, एका रूपाचे, झाकण घट्ट लावलेले स्टीलचे डबे. तिखटाच्या डब्यावर तीच झळाळी, रव्याच्या डब्यावरही तीच. खालून तिसऱ्या ट्रॉलीत मागच्या रांगेत काय आहे, कुठल्या डब्यात डाळ संपल्यावर आता साबुदाणा भरलाय, याचा नकाशा एकाच डोक्यात. लोक म्हणतात, ‘घर तिच्या ताब्यात आहे.’ ताबा तिच्याकडे असेल, पण सुट्टी नाही. तिला आजारी पडता येत नाही, चार दिवस माहेरी निर्धास्त राहता येत नाही. दवाखान्याच्या खाटेवरून बायका फोनवर सांगत असतात, “डाव्या फडताळात, वरच्या खणात, पोळपाटाच्या मागं बघा.” मोठी मुलगी असली तर हा नकाशा तिच्या डोक्यात उतरवला जातो. तिच्या भावाच्या डोक्यात नाही, तो अभ्यास करत असतो.

एक जुनी गोष्ट इथे कामाची आहे. कृष्णेपलीकडच्या किर्लोस्करवाडीतून १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू झालं आणि मराठी घरातल्या बाईशी कुणीतरी माणूस म्हणून बोलू लागलं. त्याच किर्लोस्कर परिवारानं १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ काढलं. ते इतकं का चाललं? तोवर पाककृती ‘अंदाजानं मीठ’, ‘बेताचं पाणी’ अशा भाषेत सासूच्या हातातून सुनेच्या हातात जात होती. कमलाबाईंनी तिला वाटी आणि चमच्याचं माप दिलं. घरात शिकवायला कुणी नसलं तरी नवख्या माणसाला रांधता येऊ लागलं, मग तो परगावी नोकरीला गेलेला मुलगा का असेना. स्वयंपाकातलं ज्ञान एका डोक्यातून बाहेर येऊन सगळ्यांचं झालं. मांडणीच्या बाबतीत तेवढं काम अजून राहिलं आहे.

म्हणून नवं किचन झाल्यावर त्याची परीक्षा पाहुण्यांनी घेऊ नये. घरातल्या एका पुरुषाला एका संध्याकाळी सांगावं, कुणालाही न विचारता पिठलं-भात कर. जमलं तर किचन पास. त्यासाठी लागतं काय? रोजच्या पंधरा-वीस जिनसा काचेच्या बरण्यांत, डोळ्यांच्या रेषेत, एका उघड्या फळीवर. डबे स्टीलचेच ठेवायचे असतील तर प्रत्येकावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी, आणि डब्यातली जिन्नस बदलली की चिठ्ठीही बदलायची. वर्षाच्या साठ्यासाठी किचनला लागून, नाहीतर जिन्याखाली, खिडकी नसलेली कोरडी जागा; तिथे जमिनीपासून चार-सहा इंच उंच कट्टा, म्हणजे पोत्याला ओल लागत नाही आणि उंदीर कुठून शिरतो ते दिसतं. आणि ओट्यापुढे साडेतीन-चार फुटांची मोकळी जागा. ती मात्र कुठल्याही कपाटाच्या मोहात सोडू नये. तेवढी असली तरच दोन माणसं एका वेळी काम करू शकतात. नसली तर दुसरा माणूस ‘मध्येमध्ये येतोय’ म्हणून आनंदानं बाहेर जातो.

ही शेवटची गोष्ट जगानं चांगली किंमत मोजून शिकली आहे. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधली जात होती. मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या तरुण वास्तुविशारद बाईंनी त्यासाठी एक स्वयंपाकघर आखलं, तेही रेल्वेच्या भोजनडब्यातल्या चिंचोळ्या किचनवरून. बाईला किती पावलं टाकावी लागतात हे मोजून त्यांनी ओटा, सिंक आणि फळ्या जवळजवळ आणल्या. डाळ-तांदळासारख्या जिनसांना अॅल्युमिनियमचे छोटे खण केले आणि प्रत्येकावर नाव घातलं. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ही आजी. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बसली. हेतू स्वच्छ होता: बाईचा वेळ वाचावा, ती घराबाहेरच्या जगात यावी. पण ते किचन होतं सहा-सात चौरस मीटरचं, त्यात एकच माणूस मावायचा. पुढच्या पिढीच्या स्त्रीवाद्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. काम सोपं झालं, पण ते एकटीचं झालं. दार लावलं की ती आत आणि बाकीचं घर बाहेर. शंभर वर्षांनी आपण तोच आराखडा आठ बाय नऊच्या खोलीत बसवतो आहोत, नावं घातलेले खण तेवढे वगळून.

पुरुषांनी रांधायचं हे खूळ कुठल्या परक्या मुलखातून आलं म्हणून उडवून लावू नका. आपल्या ऐतवडे बुद्रुकचं घराणं असलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. सगळ्या जातींची पोरं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामं आपण करत. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रही ठेवलं नाही. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत शिकलेली घरं या तालुक्यात गावोगाव आहेत. ‘स्वावलंबन’ हा शब्द त्यांच्या भिंतीवर लटकतो, पण तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन थबकतो.

कुणी म्हणेल, काळ बदललाय, आता पोरं करतात सगळं. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे बघा. २०१९ मध्ये घरकामाला हात लावणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. आणि मुळात हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीस. २०२४ च्या पाहणीत बाईची मिनिटं २८९ झाली आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं सुटली, पण सोबत पुरुषानंही नऊ सोडवून घेतली! गॅस आला, मिक्सर आला, ट्रॉल्या आल्या आणि सुटलेला वेळ असा वाटला गेला. यातल्या २०१९ च्या आकड्यांचा आधार घेत जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. एन. व्ही. रमणा यांनी एका अपघात-भरपाईच्या निकालात लिहिलं की गृहिणीच्या कामाचं पैशात मोल धरलं पाहिजे. न्यायालयाला ते मोल करावं लागलं ती बाई गेल्यानंतर. घरातल्यांना ती असताना करता येतं.

एवढी सगळी चर्चा ज्यांच्याकडे फोडायला ओटा आहे त्यांची झाली. तालुक्यात एका खोलीत राहणारी, ऊसतोडीला येऊन पालात चूल मांडणारी माणसंही आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेनं ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र वीसवरून पंचवीस चौरस मीटर केलं आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकासाठी वेगळी जागा धरायला सांगितलं. कागदावर ही मोठी गोष्ट आहे. सरकारच्या नकाशात रांधणाऱ्या माणसाला कोपरा मिळाला. पण घरकुल बांधताना पैसे कमी पडले की पहिली कात्री त्याच कोपऱ्याला लागते, आणि चूल पुन्हा दाराबाहेर पत्र्याखाली जाते. ग्रामसेवकानं, सरपंचानं शेवटच्या हप्त्याचा फोटो काढताना दर्शनी भिंतीसोबत ओट्याचाही काढावा. सरपंच बाई असेल तर तिला हे सांगायची गरज नसावी, पण तिच्या नवऱ्याला असते.

दोन गोष्टी मात्र जिवाशी खेळणाऱ्या आहेत, त्या थाट आणि सोयीच्या आधी बघाव्यात. एक, सिलिंडर. नवं किचन केलं की सिलिंडर दिसू नये म्हणून कपाटात कोंडतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. त्या कपाटाला तळाशी जाळी हवीच हवी, आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदललीच पाहिजे. चिमणी बसवून खिडकी बुजवणं हाही तसलाच प्रकार. दोन, पूर. २००५, २०१९, २०२१. कृष्णाकाठच्या आणि वारणाकाठच्या घरांनी तीनदा पाणी पाहिलं. पाण्यात राहिलेलं पार्टिकल बोर्डचं कपाट भिजलेल्या पावासारखं फुगतं आणि फेकून द्यावं लागतं. नदीकाठच्या गावात खालच्या अंगाला कडप्प्याच्या फळ्या आणि स्टीलच्या सुट्ट्या ट्रॉल्या बऱ्या. पाणी यायच्या आधी ट्रॉल्या उचलून नेता येतात, आणि पाणी गेलं की कडप्पा धुऊन पुन्हा कामाला. शहरातल्या शोरूमवाल्याला पुराची ओळख नसते, त्यामुळे हे आपणच त्याला सांगायचं.

राहिला नेहमीचा युक्तिवाद: बायकांनाच हे चकचकीत हवं असतं, त्याच फोटो दाखवतात, त्याच शेजारणीशी बरोबरी करतात. काही घरांत खरं आहे. जिला आयुष्यभर घरातल्या कुठल्याच खर्चावर मत विचारलं नाही तिला एकदा विचारलं, तेही रंगापुरतं, तर ती रंगच निवडणार. ओट्याची उंची निवडता येते हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. शोरूमच्या पुस्तकात उंचीचं पान नसतं, रंगांची चाळीस असतात. शिवाय हप्त्याच्या कागदावर सही नवऱ्याची, आणि घर बहुतेक ठिकाणी सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. आपलं नसलेल्या घरातल्या ओट्यासाठी भांडायची उमेद कुठून आणायची? उताऱ्यावर तिचं नाव चढवा आणि मग बघा ती मिस्त्रीशी कशी बोलते.

येत्या तुळशीच्या लग्नानंतर तालुक्यात पुन्हा लग्नसराई लागेल आणि तिच्या आधी महिनाभर ओटे फुटतील. लग्न ठरलं की मुलाकडून मुलीकडे निरोप जातो, ब्लाउजचं माप पाठवा, बांगड्यांचं माप पाठवा, जोडव्यांचं माप पाठवा. त्याच निरोपात आणखी एक माप मागवावं: जमिनीपासून कोपरापर्यंत किती इंच. नवऱ्या मुलानं आपलंही घ्यावं. दोन्ही मापं कागदावर लिहून, त्यात सासूबाईंचं तिसरं घालून, तो कागद कडप्पा कापायच्या आत मिस्त्रीच्या हातात द्यावा.